ठोका थांबला की इंजिन उठत नाही, इंजिन उठले की ठोका थांबत नाही: पिस्टन आणि हेडमधील अंतराचा प्रश्न

इंजिनाची पूर्ण बांधणी होऊन दोन-तीन महिने झालेले असतात. नवा लायनर (सिलिंडरच्या आतली बाही), नवा पिस्टन, नव्या रिंगा आणि नवे बेअरिंग, सगळे काही घातलेले असते. तरीही एके दिवशी इंजिन तापल्यावर वरच्या बाजूने कोरडा, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ठोका सुरू होतो. मालक इंजिन परत आणतो, मिस्त्री हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उघडतो, त्याखालच्या सांध्यात एकाऐवजी दोन गॅस्केट (सांधा बंद करणारे पातळ थर) घालून हेड पुन्हा आवळतो आणि ठोका थांबतो. पुढे थंडी पडते आणि तेच इंजिन सकाळी चार जणांनी आळीपाळीने हँडल मारूनही उठत नाही, उठले तरी पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर ओकत राहते. मग दोनातले एक गॅस्केट काढले जाते आणि काही आठवड्यांनी ठोका परत येतो. हे चक्र मी इतक्या वेळा पाहिले आहे की, ते कसे सुरू होते आणि कुठे तोडायचे हे एकदा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

यातील बहुतेक इंजिनांचा दोष एकच असतो. पिस्टन अगदी वर आलेला असताना त्याचा माथा आणि हेडची खालची सपाटी यांच्यात जे अंतर उरले पाहिजे, ते बांधणीच्या वेळी कोणी मोजलेलेच नसते. वर्कशॉपमध्ये या अंतराला आपण बंपिंग क्लिअरन्स म्हणतो. ते कुठल्याही एका भागावर कोरलेले नसते. क्रँकची त्रिज्या, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडची लांबी, गजनपिनच्या (पिस्टनला रॉडशी जोडणाऱ्या पिनेच्या) मध्यापासून माथ्यापर्यंतची पिस्टनची उंची, क्रँकच्या मध्यापासून सिलिंडरच्या वरच्या सपाटीपर्यंतची उंची आणि आवळल्यानंतरची गॅस्केटची जाडी या पाच मापांच्या बेरीज-वजाबाकीनंतर जे शिल्लक राहते, ते हे अंतर होय. पाचांपैकी कोणतेही माप हलले की शिल्लक हलते, आणि आपल्याकडच्या दुरुस्तीत पाचही मापे हलण्याची संधी असते. म्हणून नवे भाग घातले म्हणजे अंतर आपोआप बरोबर आले, असे मानता येत नाही.

काही दशांश मिलिमीटरने एवढे काय बिघडते, हे मालकच नव्हे, तर काही मिस्त्रीही विचारतात. विहिरीवर आणि नदीकाठी सर्रास दिसणारे पाच अश्वशक्तीचे, मिनिटाला १५०० फेऱ्यांचे, ८० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ११० मिमी स्ट्रोकचे (पिस्टनच्या वर-खाली धावेचे) एक सिलिंडरचे डिझेल इंजिन घेऊ. पिस्टन खालून वर येताना ५५३ घनसेंटिमीटर हवा दाबतो. कॉम्प्रेशनचे प्रमाण, म्हणजे पिस्टन खाली असतानाची आणि वर असतानाची जागा यांचे गुणोत्तर, १६.५ असेल, तर पिस्टन वर असताना उरलेली सगळी जागा, म्हणजे पिस्टनमधली वाटी आणि भोवतालची फट मिळून, जेमतेम ३५.७ घनसेंटिमीटर असते. या बोअरमध्ये ०.१० मिमी अंतर म्हणजे अर्धा घनसेंटिमीटर. अंतर ठरल्यापेक्षा पाऊण मिलिमीटरने वाढले, तर जवळपास चार घनसेंटिमीटर जागा वाढते आणि प्रमाण १६.५ वरून १५ वर येते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवरच डिझेल पेटायचे असते. थंड लोखंड आणि हँडलच्या संथ फेऱ्या यांत ती उष्णता आधीच कमी पडत असते, त्यात दाबही कमी झाला की इंजिन का उठत नाही, हे वेगळे सांगायला नको.

एका इंजिनाची हकिगत

ऊस बागायती असलेल्या एका आबांचे असेच इंजिन माझ्याकडे आले, तेव्हा ते त्या वर्षात तिसऱ्यांदा उघडले जात होते. आबांनी तक्रार एका वाक्यात सांगितली: "मिस्तरी, ठोका जातोय तर इंजिन उठत नाही, आन् इंजिन उठतंय तर ठोका जात नाही, आता तुम्हीच बघा." इतकी नेमकी तक्रार मला शिकलेल्या माणसाकडूनही क्वचितच ऐकायला मिळते, कारण अंतर कमी असल्याचे आणि जास्त असल्याचे लक्षण त्यांनी एकाच दमात सांगितले होते.

मागचा इतिहास विचारला तेव्हा असे कळले की, पहिल्या वेळी गॅस्केट जळून पाणी सिलिंडरमध्ये उतरले होते, म्हणून सिलिंडरच्या वरच्या सपाटीला सरफेस मारून घेतला होता (म्हणजे ती यंत्रावर घासून सपाट केली होती) आणि त्याच वेळी पिस्टन-लायनरचा नवा जोड घातला होता. दोन महिने इंजिन उत्तम चालले आणि मग तापल्यावर ठोका सुरू झाला. दुसऱ्या वेळी दोन गॅस्केट घातली गेली. ठोका गेला, पण डिसेंबरात इंजिन उठेना, आणि दोन गॅस्केटच्या मधून पाणी झिरपू लागले ते वेगळेच.

मी हेड उतरवून पिस्टन वर आणला. माथ्यावर काजळीचा काळा थर होता आणि गजनपिनच्या एका टोकाकडील कडेला नखाएवढी, चंद्रकोरीच्या आकाराची एक जागा घासून चकचकीत झालेली होती. हेडवर बरोबर तिच्यासमोर तशीच खूण होती. त्या खुणेचा गोलाकार व्हॉल्व्हच्या गोलाशी जुळत नव्हता, तर पिस्टनच्या कडेशी जुळत होता. पिस्टन हेडला लागत होता, याला आणखी पुरावा नको होता. काजळी साफ करून एक गॅस्केट घालून मध्ये शिशाची तार दाबून अंतर घेतले, तेव्हा एका बाजूला ०.५७ आणि दुसऱ्या बाजूला ०.५९ मिमी आले. त्या इंजिनाच्या पुस्तकात ते १ मिमीच्या आसपास असावे असे दिले होते. सिलिंडरची उंची मोजल्यावर सरफेसमध्ये सुमारे ०.२५ मिमी गेल्याचे दिसले. जुना पिस्टन आबांनी सुदैवाने जपून ठेवला होता. नव्या पिस्टनची गजनपिनपासून माथ्यापर्यंतची उंची त्याच्यापेक्षा ०.१५ मिमीने अधिक भरली. ०.२५ आणि ०.१५ मिळून ०.४०, म्हणजे हरवलेल्या अंतराचा हिशेब जवळजवळ पूर्ण लागला.

आता आकड्यांकडे पुन्हा पाहा. ०.५८ मिमी अंतरावर या इंजिनाचे कॉम्प्रेशन साधारण १७.५ झाले होते, आणि आवळून १.२ मिमी भरणारे दुसरे गॅस्केट घातल्यावर ते १५ वर आले होते. ज्या इंजिनाला १६.५ हवे आहे, ते एका वर्षात दोन्ही टोकांना जाऊन आले आणि मध्ये एकदाही थांबले नाही. दोन्ही दुरुस्त्या करणाऱ्यांनी मेहनत केली होती, पण मोजमाप केले नव्हते.

०.५८ मिमी अंतर असताना पिस्टन लागेलच कसा

हा प्रश्न योग्य आहे, कारण हाताने फ्लायव्हील फिरवून पाहिले तर पिस्टन कुठेही लागत नाही आणि ठोका पिस्टनचा नव्हेच, असा निष्कर्ष तिथेच काढला जातो. थंड इंजिनात हाताने फिरवून मिळणारे अंतर आणि तापलेल्या इंजिनात १५०० फेऱ्यांवर मिळणारे अंतर ही दोन वेगळी मापे आहेत, हे मनात पक्के ठसले पाहिजे.

पहिली वजावट उष्णतेची. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतो. गजनपिनच्या वरचा पन्नास मिलिमीटरचा भाग २०० अंशांनी तापला, तर तो सुमारे ०.२० मिमी वाढतो, आणि पाण्याने थंड राहणारा सिलिंडर तेवढ्या उंचीत त्याच्या पाव हिश्श्याइतकाही वाढत नाही. दुसरी वजावट बेअरिंगच्या ढिलाईची. आपण तारेने अंतर घेतो तेव्हा दबणारी तार पिस्टनला खाली रेटत असते, त्यामुळे गजनपिनची, बिग एंडची (रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) आणि मेन बेअरिंगची सगळी ढिलाई खालच्या बाजूला जाते आणि तार प्रत्यक्षापेक्षा मोठे अंतर दाखवते. चालू इंजिनात एक्झॉस्ट स्ट्रोकच्या (जळालेला वायू बाहेर ढकलणाऱ्या धावेच्या) शेवटी नेमके उलट घडते. तेव्हा वरून वायूचा दाब नसतो आणि वेगाने वर येणाऱ्या पिस्टनला थांबवून परत खाली खेचण्याचे काम रॉडला करावे लागते. ११० मिमी स्ट्रोकच्या आणि सुमारे २३० मिमी लांब रॉडच्या इंजिनात १५०० फेऱ्यांवर त्या क्षणी पिस्टन स्वतःच्या वजनाच्या सुमारे १७० पट जोराने वर ओढ घेतो, म्हणजे एक किलोचा पिस्टन १७० किलोंच्या ओढीने वर उसळू पाहतो आणि सगळी ढिलाई वरच्या बाजूला जाते. झिजलेल्या बेअरिंगमध्ये ती ०.१५ मिमी सहज असते.

तिसरी वजावट काजळीची. ऑइल जाळणाऱ्या किंवा नोझल (डिझेल फवारणारे तोंड) टपकणाऱ्या इंजिनात पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडवर मिळून ०.२० मिमी कठीण काजळी बसायला दोन महिने पुरतात. उरलेसुरले अंतर तापल्यानंतर बसत जाणारे गॅस्केट खाते. ०.५८ मधून ही सगळी वजाबाकी केली की हाती काही शिल्लक राहत नाही. आबांच्या इंजिनाचा ठोका दुरुस्तीनंतर लगेच न येता दोन महिन्यांनी का आला आणि सकाळी न येता इंजिन तापल्यावरच का येत होता, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर या वजाबाकीत आहे. हीच वजाबाकी ०.९८ मधून केली, तर साधारण ०.४० मिमी शिल्लक राहते. पुस्तकातला आकडा उगाच सढळ हाताने दिलेला नसतो.

राजकोटची लिस्टर पद्धतीची, ६५० फेऱ्यांची जड इंजिने याच चुका पुष्कळ दिवस निमूटपणे सहन करतात, याचेही कारण हेच आहे. त्यांचा बोअर ११४.३ आणि स्ट्रोक १३९.७ मिमी, पण फेरे कमी असल्यामुळे वरच्या टोकाला पिस्टनची ओढ त्याच्या वजनाच्या चाळीस पटींच्या आसपासच असते. ज्या मिस्त्रींचा हात त्या इंजिनांवर बसलेला असतो, त्यांना १५०० फेऱ्यांचे इंजिन म्हणूनच फसवते.

ठोका कशाचा आहे हे हेड उघडण्यापूर्वी ठरवणे

प्रत्येक ठोका पिस्टन लागल्याचाच असतो असे नाही. डिझेल वेळेआधी फवारले गेले किंवा नोझल खराब असले, तरी वरच्या बाजूने कडक आवाज येतो आणि अननुभवी कानाला तो सारखाच वाटतो. एक साधी परीक्षा आहे. इंजिन चांगले तापू द्यावे, भार काढून पूर्ण वेगावर चालवावे आणि मग डिझेल एकदम बंद करावे. फ्लायव्हीलच्या वजनावर इंजिन काही क्षण फिरत राहील. डिझेल तुटताच आवाजही तुटला, तर तो जळण्याचा आवाज आहे. अशा वेळी पंपाचे टायमिंग आणि नोझल तपासावे, हेड उघडू नये. डिझेल बंद झाल्यावरही आवाज येत राहिला आणि वेग उतरेल तसा मंद होत थांबला, तर कुठेतरी धातूवर धातू आपटत आहे. ते पिस्टनचेच आपटणे असेल असे एवढ्यावरून म्हणता येत नाही, कारण बिग एंड फार ढिले झाले असेल तरी असाच आवाज येतो. पण पिस्टन लागत असेल, तर एक हात हेडवर ठेवला असता धक्का थेट तळव्याला जाणवतो, आणि बिग एंडचा ठोका खाली क्रँककेसवर अधिक जाणवतो.

व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असेल, तर खूण माथ्याच्या आतल्या भागात, व्हॉल्व्हच्या गोलाईची उमटते. तिथे दोष टॅपेटच्या गॅपचा (व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा भाग यांच्यातील फटीचा), टायमिंग गिअरचा किंवा हेडवर मारलेल्या सरफेसचा असू शकतो.

हेडचा सरफेस म्हटले की एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. ज्या डिझेल इंजिनात वाटी पिस्टनमध्ये असते आणि हेड खालून पूर्ण सपाट असते, तिथे हेडला कितीही सरफेस मारला तरी पिस्टन आणि हेडमधले अंतर बदलत नाही, कारण गॅस्केट ज्या सपाटीवर टेकते, तीच सपाटी पिस्टनसमोर असते. बदलते ते दुसरेच. व्हॉल्व्ह तेवढे खाली येतात आणि नोझलचे टोकही तेवढेच बाहेर डोकावते. म्हणून हेडचा सरफेस मारल्यावर व्हॉल्व्हची खोली पुन्हा मोजून सीट कापावी लागते आणि नोझलखाली योग्य जाडीचे तांब्याचे वॉशर घालावे लागते. सिलिंडरच्या किंवा ब्लॉकच्या वरच्या सपाटीवर मारलेला सरफेस मात्र पूर्णच्या पूर्ण अंतरातून वजा होतो. "हेडचा सरफेस मारला होता, म्हणून एक जादा गॅस्केट घातले" असे मी अनेकदा ऐकले आहे, आणि अशा इंजिनात कॉम्प्रेशन घालवण्यापलीकडे त्या जादा गॅस्केटने काहीच साधलेले नसते.

शिशाच्या तारेने अंतर घेणे

ही पद्धत जुनी आहे, स्वस्त आहे आणि नीट केली तर विश्वासार्ह आहे, पण नीट हा शब्द महत्त्वाचा. तार शिशाची किंवा मऊ सोल्डरची घ्यावी. तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची विजेची तार घेऊ नये, कारण ती दबण्याऐवजी पिस्टनलाच खाली रेटते आणि माथ्यावर खळी पाडते. जाडी अपेक्षित अंतराच्या दीडपट असावी, म्हणजे १ मिमीसाठी दीड मिमीच्या आसपासची तार पुरते. तीन मिलिमीटरची जाड तार घालून जोराने फ्लायव्हील ओढणारे मी पाहिले आहेत, त्यांना मिळणारा आकडा निरुपयोगी असतो.

पिस्टनचा माथा, हेड, सिलिंडरची कड आणि लायनरची कॉलर ज्यावर बसते ती पायरी हे सगळे स्वच्छ करावे. कॉलरखाली काजळीचा एक कण राहिला, तरी लायनर वाकडा बसतो आणि हेड आवळल्यावर कॉलर तुटण्याची भीती असते. पिस्टन टॉपच्या (त्याच्या सर्वांत वरच्या जागेच्या) थोडा खाली ठेवून बोटाच्या पेराएवढे दोन तुकडे माथ्यावर ग्रीसच्या टिकलीने चिकटवावेत. दोन्ही तुकडे गजनपिनच्या रेषेत, तिच्या दोन टोकांकडे, कडेपासून थोडे आत आणि वाटी व व्हॉल्व्ह सोडून असावेत. जागा अशी निवडण्याचे कारण उघड आहे. पिस्टन गजनपिनवर पुढे-मागे डुलतो, पण पिनच्या रेषेत डुलू शकत नाही. तार पिनच्या आडव्या बाजूला एकटीच ठेवली, तर पिस्टन तिच्याखाली झुकतो, तार कमी दबते आणि नसलेले अंतर असल्यासारखे दिसते. ठोका येणाऱ्या इंजिनांपैकी काहींत अंतर मोजलेले असूनही चुकलेले होते, आणि प्रत्येक वेळी चूक इथेच झाली होती.

यानंतर जे गॅस्केट घालायचे आहे, त्याच बनावटीचे गॅस्केट ठेवून हेडचे नट पुस्तकातील क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने पूर्ण आवळावेत. तात्पुरते मोजायचे आहे म्हणून अर्धवट आवळून चालत नाही. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) काढून ठेवले, तर व्हॉल्व्ह मध्ये येत नाहीत. फ्लायव्हील हाताने सावकाश, एकाच दिशेने, टॉपच्या पलीकडे एकदाच न्यावे आणि त्यानंतर हेड उघडेपर्यंत पुढे-मागे हलवू नये. दबलेले तुकडे जपून काढून मायक्रोमीटरने सर्वांत पातळ जागी मोजावेत. व्हर्नियरच्या धारदार जबड्यात शिसे आणखी दबते, म्हणून मायक्रोमीटरच बरा. दोन बाजूंच्या मापांत ०.१० मिमीपेक्षा अधिक फरक आला, तर अंतर जुळवण्याचा विचार बाजूला ठेवून आधी रॉड वाकलेला आहे का, सरफेस तिरपा गेला आहे का, सिलिंडरखाली काही अडकले आहे का, हे शोधावे. सगळे ठीक असेल तर तीच कृती नव्या तारेने पुन्हा करावी. दोन वेळचे आकडे ०.०२ ते ०.०३ मिमीच्या आत जुळले, तरच ते मी वहीत लिहितो.

डायल गेज असेल, तर हेड न चढवता पिस्टन सपाटीच्या किती वर किंवा खाली येतो हे मोजून, त्यात आवळलेल्या गॅस्केटची जाडी धरूनही अंतर काढता येते. अनेक सिलिंडरच्या आजच्या डिझेल इंजिनांत तोच रिवाज आहे, कारण तिथे पिस्टन सपाटीच्या वर डोकावतो आणि अंतर गॅस्केटच्या जाडीनेच ठरवतात. फोक्सवॅगनच्या १.९ लिटर टीडीआय इंजिनात पिस्टन ०.९१ ते १.०० मिमी वर येत असेल तर एका खुणेचे १.४५ मिमीचे, १.०१ ते १.१० असेल तर दोन खुणांचे १.५३ मिमीचे आणि १.११ ते १.२० असेल तर तीन खुणांचे १.६१ मिमीचे गॅस्केट घालतात. चारही पिस्टन मोजून जो सर्वांत वर येतो त्याच्यावरून गॅस्केट निवडायचे असते, सरासरीवरून नव्हे. दुकानदाराने दिलेल्या गॅस्केटवर किती खुणा आहेत हे जुन्या गॅस्केटशी ताडून न पाहता ते बसवणे म्हणजे अंदाजावर इंजिन बांधणे होय.

अंतर चुकले तर काय करावे

सर्वांत आधी कोणते माप हलले हे शोधावे, कारण अंतर हा परिणाम असतो. सरफेस आणि पिस्टनची उंची ही नेहमीची कारणे झाली, पण ती दोन्ही निर्दोष असतील तर रॉडकडे वळावे. बिग एंडची टोपी घासून नवा बोअर मारला असेल, तर बोअरचा मध्य वर सरकून रॉड आखूड होतो. स्मॉल एंडचा, म्हणजे रॉडच्या पिस्टनकडच्या टोकाचा, नवा बुश एककेंद्री न मारल्यास रॉड आखूड किंवा लांबही होऊ शकतो. सिलिंडरमध्ये पाणी भरलेले असताना कोणी हँडल मारले असेल, तर रॉड वाकून आखूड होतो आणि अंतर वाढते. क्रँक अंडरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा बारीक, घासताना पिनचा मूळ मध्य राखला नाही आणि तो ०.१० मिमीने बाहेर गेला, तर पिस्टन ०.१० मिमी वर येतो. मेन बेअरिंगचे बुश वर सरकवून बोअर केले गेले, तर संपूर्ण क्रँकच वर येतो. यातील वाकलेला रॉड आणि मध्य चुकलेला क्रँक हे दोष गॅस्केटने किंवा शिमने (उंची जुळवणाऱ्या पातळ पत्र्याने) झाकू नयेत, ते भाग बदलावेत.

सरफेसमुळे किंवा पिस्टनच्या उंचीमुळे अंतर कमी झाले असेल आणि सिलिंडर क्रँककेसवर वेगळा बसत असेल, तर उपाय सिलिंडरच्या बुडाखाली शिम घालणे हा आहे. तिथे ज्वाळेचा दाब नसतो, म्हणून ती शिम जळत नाही आणि हेडखाली एकच गॅस्केट राहते. आबांच्या इंजिनाला मी हेच केले. ०.४० मिमीच्या शिमा घातल्यावर तारेने ०.९७ आणि ०.९९ मिमी दाखवले. सिलिंडर वर आल्यामुळे टॅपेटचा गॅप बदलतो, तो पुन्हा लावावा लागतो, आणि शिमेच्या दोन्ही बाजूंनी ऑइल झिरपू नये म्हणून सपाट्या निर्मळ ठेवाव्या लागतात. ज्या इंजिनात ब्लॉक आणि क्रँककेस एकसंध असते, तिथे कंपनीने जाड गॅस्केट दिले असेल तर ते वापरावे. नसेल तर योग्य उंचीचा पिस्टन शोधावा. पिस्टनचा माथा लेथवर घासून घेणे हा शेवटचा आणि मला न आवडणारा मार्ग आहे, कारण माथ्याची जाडी आणि वाटीची खोली दोन्ही कमी होतात आणि किती घासणे सुरक्षित आहे, हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. एकावर एक दोन गॅस्केट घालणे मात्र मी कोणत्याही परिस्थितीत मान्य करत नाही. मधली सपाटी कशालाच धरलेली नसते, ती आधी पाणी सोडते आणि मग कॉम्प्रेशन.

पेट्रोल इंजिन बांधणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना आवश्यक आहे. तिथे पिस्टनची कड आणि हेडची सपाट पट्टी यांच्यातील अंतर लोखंडी रॉडच्या इंजिनात साधारण ०.८ ते १.० मिमी ठेवतात, कारण त्या अरुंद फटीतून जोराने बाहेर फेकले जाणारे मिश्रण मध्यभागी खळबळ माजवून ज्वाळा लवकर पसरवते आणि कडेचे मिश्रण आपोआप पेटू देत नाही. सुरक्षिततेच्या भावनेने हे अंतर दोन मिलिमीटर केले, तर कॉम्प्रेशन उतरूनही नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारा ठोका) वाढू शकते. जास्त अंतर म्हणजे जास्त सुरक्षितता, हे समीकरण तिथे सपशेल खोटे ठरते.

बांधणी पूर्ण झाल्यावर इंजिन तापवून, पूर्ण थंड होऊ देऊन हेडचे नट पुन्हा टॉर्कने पाहावेत, अर्थात कंपनीने त्या गॅस्केटसाठी तसे करू नये असे सांगितले नसेल तरच. फायबरचे गॅस्केट पहिल्या तापण्यात बसते आणि नट सैल पडतात. ते तसेच राहिले, तर गॅस्केट जळते, पुन्हा सरफेस मारावा लागतो आणि अंतराची गोष्ट पहिल्यापासून सुरू होते. नट आवळल्यानंतर टॅपेटचा गॅपही पुन्हा लावावा.

आबांना इंजिन परत देताना मी एका पत्र्याच्या पट्टीवर तारीख, दोन्ही बाजूंचे अंतर, शिमांची एकूण जाडी आणि गॅस्केटची आवळलेली जाडी ठोशाने कोरून ती पट्टी डिझेलच्या टाकीच्या स्टँडला बांधून दिली, आणि पुढच्या वेळी कोणीही इंजिन उघडले तरी आधी ही पट्टी वाचायला लावा, असे त्यांना सांगितले. जुना पिस्टनही पिशवीत घालून सोबत दिला.